एकट्यानं न्यायची होडी

आपण नाशिककर गोदाकाठची माणसं. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. आपलंही समुद्राशी नातं तेवढंच. त्यामुळे एकट्यानं जग फिरायचं तर शिडाची होडी कोणती निवडावी, हा प्रश्न आपल्याला परका वाटतो. पण त्याची दोन उत्तम उत्तरं आपल्याच किनाऱ्यावर घडली आहेत.

पहिलं मुंबईत. १९६३-६४च्या सुमारास रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश दर्यावर्दीनं तिथं ३२ फुटी सागवानी होडी बांधून घेतली. तिचं नाव 'सुहैली'. घडण नॉर्वेच्या जुन्या बचावहोड्यांसारखी. काम इथल्या सुतारांचं. १९६८ मध्ये कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली. त्याला नवी, मोठी होडी हवी होती. पैसे जमले नाहीत. अखेर तो 'सुहैली'च घेऊन निघाला.

एकूण नऊ जण निघाले. डोनाल्ड क्रोहर्स्टनं मुदत गाठण्यासाठी अर्धवट तयारीची नवी होडी समुद्रात घातली आणि तो जिवाला मुकला. इकडे 'सुहैली'चं सुकाणू सांभाळणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडलं. तरी शिडं नीट जुळवली की ती आपली दिशा धरून राही. एकट्या माणसाला झोप मिळते ती अशा होडीवरच! २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, शर्यत पुरी करून ती परतली. नऊ जणांत ती एकटीच.

दुसरं उत्तर गोव्यातलं. भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. दोंदे बांधणीत स्वतः सहभागी झाले. भर समुद्रात काही मोडलं तर हाक मारायला कोण असणार? ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून, चार बंदरांत थांबत, मे २०१० मध्ये ते परतले. पुढे २०१२-१३ मध्ये याच होडीतून अभिलाष टॉमींनी न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

एक होडी ३२ फुटांची, दुसरी ५६. एक सागवानी, दुसरी लाकूड आणि फायबरग्लासची. तेव्हा उत्तर लांबीत किंवा दिमाखात नाही. जिची दुरुस्ती आपल्या हातांना ठाऊक आहे आणि आपण झोपलो तरी जी वाट सोडत नाही, तीच एकट्याची होडी, असं मला वाटतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)