वलीकरण की प्रस्तरभंग? खडकस्तरांच्या गुणधर्मांविषयीच्या विचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भूकवचावर आडवा दाब पडला की वलीपर्वत निर्माण होतात, असे अध्यापनात सामान्यतः सांगितले जाते. परंतु तोच दाब एका स्तराला वाकवतो आणि दुसऱ्याला तोडतो. याचे उत्तर दाबात नसून स्तरांच्या गुणधर्मांत आहे, हा विचार कसा विकसित झाला याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रयोगांची परंपरा :
स्कॉटलंडचे सर जेम्स हॉल यांनी १८१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कापडाच्या व मातीच्या थरांना बाजूंनी दाबून घड्या निर्माण केल्या. आडव्या दाबाने वली तयार होतात हे त्यातून दिसले. मात्र सर्व थर मऊ असल्याने भंगाचा प्रश्न पुढे आला नाही. १८८८ मध्ये हेन्री कॅडेल यांनी ओल्या वाळूमध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे ठिसूळ थर घातले. ते वाकण्याऐवजी तुटले आणि त्यांचे तुकडे तिरक्या भंगपृष्ठांवरून एकमेकांवर चढले. वायव्य स्कॉटलंडमधील रचनेशी हे चित्र जुळणारे होते.

अमेरिकेत बेली विलिस यांनी अ‍ॅपलेशियन पर्वताच्या अभ्यासासाठी मेणात टर्पेंटाइन मिसळून मऊ, तर प्लॅस्टर मिसळून कठीण थर बनविले. वरच्या खडकांचा भार दर्शविण्यासाठी त्यांवर शिशाचे छर्रे पसरले. १८९३ मध्ये त्यांनी ‘सक्षम स्तर’ ही संकल्पना विशद केली : जो स्तर दाब पुढे वाहून नेतो व वरचा भार उचलून धरतो, तोच वलीचा आकार ठरवतो, दुर्बल स्तर त्याचे अनुसरण करतात.

सिद्धांताकडे वाटचाल :
१९०७ मध्ये ऑगस्ट बक्सटॉर्फ यांनी ज्युरा पर्वतातील वरचे स्तर मीठ व जिप्समयुक्त दुर्बल थरावरून सरकून वलित झाल्याचे प्रतिपादन केले. प्रतिकृती लहान असेल तर तिचे द्रव्यही त्या प्रमाणात दुर्बल हवे, हे हबर्ट यांनी १९३७ मध्ये गणिताने दाखविले. पुढे १९६० च्या सुमारास बिओ व रामबर्ग यांनी वलींमधील अंतर सक्षम स्तराच्या जाडीवर आणि दोन द्रव्यांच्या विष्यंदितेच्या गुणोत्तराच्या घनमुळावर अवलंबून असते, असे सिद्ध केले.

समारोप :
या इतिहासात ‘बल किती?’ या प्रश्नाला ‘बल कशावर?’ या प्रश्नाची जोड मिळाली. वलीपर्वत शिकविताना केवळ दाबाचे बाण काढणे म्हणूनच अपुरे ठरते. त्यांसोबत स्तरांची जाडी, कठीणपणा व क्रमही दाखविल्यास विद्यार्थ्याला पर्वताची रचना खऱ्या अर्थाने उलगडेल.