पिस्तुलाच्या म्यानाची दोनशे वर्षे



तलवार आणि म्यान ही जोडी आपल्या भाषेत पुरती मुरलेली आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे शाळकरी पोरही सांगते. पिस्तुलालाही म्यान असते, हे मात्र आपल्याला चित्रपट पाहताना, किंवा एखाद्या पोलिस अधिकाऱ्याच्या कमरेकडे नजर गेली म्हणजेच आठवते. इंग्रजीत त्याला होल्स्टर म्हणतात. अशा क्षुल्लक वस्तूवर व्याख्यान कसले, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु अमेरिकेत आज लाखो साधी माणसे, दुकानदार, वकील, गृहिणी, सकाळी घराबाहेर पडताना किल्ल्या आणि पैशांचे पाकीट घेतात तसे भरलेले पिस्तूलही कपड्यांखाली घेतात. त्यासाठी म्यान कोणते निवडावे, याची तेथे एखाद्या शास्त्रासारखी चर्चा चालते. अलीकडे तर म्यान आकसत आकसत तळहातात मावेल अशा एका तुकड्यापर्यंत आले आहे. तो तुकडा पिस्तुलाचा चाप तेवढा झाकतो, बाकी काही नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे दोन प्रश्न समोर येतात. शस्त्र उघड बाळगावे की झाकून? आणि झाकायचे तर ते कोणापासून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन समाजाने दोनशे वर्षांत पूर्णपणे उलटे केले. दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या ग्रंथांपेक्षा त्या लहानशा म्यानातच अधिक स्पष्ट सापडते.

प्रारंभी पिस्तूल ही कमरेला बाळगण्याची वस्तूच नव्हती. सतराव्या-अठराव्या शतकांतील स्वाराची पिस्तुले लांबलचक आणि वजनदार असत. त्यांची जोडी खोगिराच्या पुढच्या अंगाला दोन बाजूंस लटकवलेल्या चामडी म्यानांत राही. घोड्यावरून उतरला की स्वार बहुधा पिस्तुलांपासूनही दूर झाला. १८३६ साली सॅम्युएल कोल्ट याने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट घेतले. पुढे ही रिव्हॉल्व्हरे लहान आणि स्वस्त होत गेली, तेव्हा कोठे पिस्तूल माणसाच्या कमरेवर स्थिरावले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील लष्करी म्यानाला वरून जाड चामड्याची झडप असे. दारू पावसाने भिजू नये आणि धावपळीत हत्यार गळून पडू नये, हा त्या झडपेचा हेतू. म्यान त्या काळी शस्त्राचे रक्षण करीत होते, हे ध्यानात ठेवावे.

याच सुमारास शहरांत एक निराळीच पिस्तूल फोफावली. फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर याची आखूड पिस्तूल कोटाच्या खिशात सहज मावे. तिला म्यान लागत नसे. खिसा हेच तिचे म्यान. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ याने अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली ती अशाच एकबारी डेरिंजरमधून. ते पिस्तूल जेमतेम सहा इंच लांबीचे होते. नाट्यगृह माणसांनी भरलेले होते. त्याच्याजवळ शस्त्र आहे अशी शंका कोणाला आली नाही.

लपविलेल्या शस्त्राची ही धास्ती लिंकन यांच्या खुनाने नव्याने निर्माण केली असे मात्र नव्हे. ती त्याहून अर्धशतकाने जुनी आहे. १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे कायदे केले; अमेरिकेतील अशा कायद्यांत हे अगदी पहिले. केंटकीच्या कायद्यात खिशातील पिस्तुले, खंजीर आणि काठीत दडवलेली तलवार, म्हणजे आपण जिला गुप्ती म्हणतो ती, यांचा स्पष्ट उल्लेख होता. एका गुप्तीवाल्या गृहस्थाला शंभर डॉलर दंड झाला. तो वरच्या न्यायालयात गेला आणि १८२२ साली न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. पण लोकमत न्यायालयाच्या बाजूचे नव्हते. पुढे केंटकीने आपली राज्यघटनाच बदलली आणि लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. लुइझियानाच्या न्यायालयाने १८५० साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. उघड शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे, लपवून बाळगणे मात्र दगलबाजीला आणि मर्दाला न शोभणाऱ्या खुनांना उत्तेजन देते, असा त्याच्या निवाड्याचा आशय होता.

हा विचार आपल्याला परका वाटू नये. मुखात राम आणि बगलेत सुरी, असे आपणही म्हणतोच. ज्याच्या कमरेला तलवार दिसते त्याच्याशी कसे वागावे हे समोरच्याला कळते. ज्याच्या अस्तनीत ती आहे त्याच्याशी तो बेसावध वागतो. तथापि, लपविलेले शस्त्र म्हणजे दगाच, असा सरसकट निर्णय इतिहास देत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवछत्रपती अफझलखानाच्या भेटीस गेले तेव्हा जवळ बिचवा आणि वाघनख बाळगून, अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, असे बखरकार सांगतात. समोर दगा दिसत असता सावधगिरी कोणती आणि कपट कोणते, हे नुसत्या झाकण्यावरून ठरत नाही. अमेरिकन विधिमंडळांनीही प्रवासाला निघालेल्या माणसाला बंदीतून वगळले होते ते याच विवेकाने. वाटेवर धोका आहे, गावात शेजार आहे, हा भेद त्यांना मान्य होता.

चित्रपटांतील गोपालकांचा पश्चिम प्रदेशही या नियमाला अपवाद नव्हता. ॲरिझोनातील टूम्बस्टोन या खाणींच्या गावात १८८१ च्या एप्रिलमध्ये नगरपालिकेने ठराव केला होता की, गावात येणाऱ्याने आपली हत्यारे ठेवून द्यावीत. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओ. के. कोरलजवळ जी प्रसिद्ध चकमक झडली, तिचे एक निमित्त हा ठराव मोडला गेला हेच होते. आता गंमत पाहा. मांडीवर सैल लोंबणारे म्यान आणि क्षणार्धात उपसलेले पिस्तूल, हे चित्र त्या दिवसाशी जोडलेले आहे. परंतु वायट अर्प याने नंतर न्यायाधीशासमोर जबानी दिली ती अशी की, आपले पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होते. मांडीवरचे ते दिमाखदार म्यान बव्हंशी विसाव्या शतकातील चित्रपटांनी घडवले.

असो. विसाव्या शतकात चाक उलटे फिरू लागले. १९११ साली न्यूयॉर्कने सलिव्हन कायदा करून लहान शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला. शहरे वाढली, गर्दी वाढली, आणि उघड्या पिस्तुलाचा अर्थच बदलला. जे एके काळी सरळपणाचे लक्षण होते ते दहशतीचे वाटू लागले; जे दगलबाजीचे लक्षण होते ते सभ्यपणाचे ठरले. बाळगायचेच तर इतरांना दिसू देऊ नका, असा नवा शिष्टाचार आला. १९८७ साली फ्लोरिडाने अटी पुऱ्या करणाऱ्याला झाकून बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला आणि अनेक राज्यांनी तो कित्ता गिरवला. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशेष कारण दाखवल्याखेरीज परवाना न देण्याची न्यूयॉर्कची अट घटनाबाह्य ठरवली. २०२४ अखेर एकोणतीस राज्यांत परवान्यावाचूनही झाकलेले पिस्तूल बाळगता येत होते. ज्या दोन राज्यांनी १८१३ साली पहिली बंदी केली त्यांचे काय झाले? केंटकीने २०१९ साली परवान्याची अट काढली आणि लुइझियानाने २०२४ साली. ज्या कृत्याला दगलबाजीची जननी म्हटले, तेच परवान्यावाचून मोकळे झाले!

कायदा असा फिरत असता म्यान बनवणारे कारागीर काय करीत होते? ते एकेक भाग कापून टाकीत होते. धातूची काडतुसे आली, तेव्हा पावसासाठी झडप नको झाली. शहरी माणसाच्या कोटाखाली जाड चामडे फुगून दिसे, म्हणून ते पातळ झाले. न्यूयॉर्कमध्ये चिक गेलॉर्ड हा कारागीर १९५० च्या सुमारास साध्या वेषातील पोलिसांसाठी पिस्तुलाच्या आकाराला बेतलेली, आटोपशीर म्यानी करीत असे. पुढे चामड्याच्या जागी उष्णतेने वळवता येणारे कायडेक्स नावाचे कठीण प्लॅस्टिक आले. घामाने ते नरम पडत नाही, आणि पातळ असूनही आकार सोडत नाही. मग कोणी नळीवरचे आवरण काढले, कोणी मुठीखालचे. शेवटी उरले ते चापाभोवतीच्या कड्यावर घट्ट बसणारे टोपण. काही प्रकारांत ते दोरीने पट्ट्याला बांधलेले असते. पिस्तूल उपसले की टोपण दोरीशी मागे राहते.

हा चापच का उरला, हे समजून घेणे अगत्याचे आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप, घोडा आधी चढवलेला नसेल तर, लांबवर आणि जोराने ओढावा लागे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल स्वीकारले, आणि त्या धर्तीची पिस्तुले पुढे जगभर पसरली. त्यांना अंगठ्याने लावण्याचा बाहेरचा खटका नसतो. सुरक्षेची यंत्रणा आत असते आणि चाप ओढताच ती मोकळी होते. चाप बोटाने ओढला की सदऱ्याच्या टोकाने, हे पिस्तुलाला कळत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाचा नामांकित खेळाडू प्लॅक्सिको बरेस एका रात्रीच्या क्लबात गेला. पिस्तूल म्यानावाचून नुसतेच विजारीत खोवलेले होते. ते घसरले, गोळी सुटली आणि त्याच्याच मांडीत शिरली. परवाना नसल्याने त्याला दोन वर्षांची कैद झाली. २०१४ साली एका बाजारात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पिशवीत हात घातला. तेथील पिस्तुलाची गोळी सुटून ती माता गतप्राण झाली. पिशवीतले पिस्तूल जगापासून झाकलेले होते. मुलाच्या हातापासून ते झाकलेले नव्हते.

म्हणून जाणती माणसे असे छोटे म्यान निवडताना आधी चार गोष्टी पाहतात. चाप कठीण आवरणाने पूर्ण झाकला जातो का? वाकले, धावले, पडले तरी पिस्तूल जागचे हलत नाही ना? उपसताना म्यान पिस्तुलाबरोबर बाहेर तर येत नाही? आणि परत ठेवताना काय? केवळ टोपणाचे म्यान असेल तर बहुधा पिस्तूल पट्ट्यापासून दूर धरून आधी टोपण बसवावे लागते आणि मग ते कमरेला खोवावे लागते. घाई करणाऱ्याच्या हाती ते देऊ नये. हलकेपणा आणि न दिसणे यांचा विचार या चारांनंतर. सुटसुटीत म्यान वाईट नाही. परंतु कमी करता करता जे कमी करू नये तेच गेले, तर उरते ते म्यान नव्हेच.

आता क्षणभर घरी परत येऊ. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र धरू दिले नाही; युरोपियनांना मात्र सवलत होती. तो अपमान राष्ट्रीय चळवळीच्या मनात सलत राहिला. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. परवाना राहिला, वंशाचा भेद गेला. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक छोटासा नियम आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल नेताना ते होल्स्टरमध्ये वा तशाच साधनात असावे, पूर्ण झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. २०१९ च्या दुरुस्तीने तर वरातीत आणि समारंभात निष्काळजीपणे गोळ्या झाडणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरवला. मिरवू नये आणि ताबा सोडू नये, या दोन्ही गोष्टी आपल्या कायद्यात आल्या आहेत.

उघड की झाकून, या वादात अमेरिकेने दोनशे वर्षे घालवली, आणि दोन्ही वेळी विचार केला तो समोरच्या माणसाचा: त्याला शस्त्र दिसावे की दिसू नये. कारागिराच्या हातातील त्या तुकड्याने तिसरीच गोष्ट शिकवली. पिस्तूल आधी झाकायचे ते बाळगणाराच्या स्वतःच्या घाईपासून, विसराळूपणापासून आणि त्याच्या लेकरापासून. आपल्यापैकी ज्या कोणाजवळ परवान्याचे हत्यार असेल, त्याने आज घरी गेल्यावर त्याचे म्यान एकदा या दृष्टीने तपासून पाहावे. एवढे झाले तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.