डोंगरमुलखात स्तोत्र १२१

यरुशलेमेची वाट चढणाऱ्या यात्रेकरूंच्या पंधरा गीतांतले हे दुसरे, अवघ्या आठ वचनांचे. भोर-वेल्ह्यात ते वाचताना डोंगर कल्पनेने उभे करावे लागत नाहीत. संकटात ते कितपत टिकते हे ताडायला मात्र याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंकडे जावे लागते.

वचन १. यात्रेकरू डोंगरांकडे पाहतो आणि मदत कुठून येणार म्हणून विचारतो. उत्साही प्रवचनकार इथे डोंगरालाच आधार करून टाकतात. मला ते पटत नाही. त्या काळी माथ्यांवर परक्या दैवतांची ठाणी असत आणि घळींत वाटमारे. माथा म्हणजे कुणाचे तरी ठाणे, हे वेल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही: तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती, भोरकडे रायरेश्वर. म्हणजे प्रश्न खरा आहे, शोभेचा नाही. रमाबाई १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या, तीर्थामागून तीर्थ करणाऱ्या घरात वाढल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता.

वचन २. डोंगर ज्याने घडवले त्याच्याकडून, हे उत्तर. इथे फार थांबायला नको.

वचन ३. तो तुझा पाय घसरू देणार नाही, तुझा राखणदार झोपणार नाही. इथे बोलणारा बदलतो. आतापर्यंत ‘मी’ होता, आता ‘तू’ आला. कुणी म्हणतात हा पुरोहित, कुणी म्हणतात सहप्रवासी. मी सहप्रवाशाच्या बाजूचा. बिनी दरवाजाच्या आधी तोरण्याची वाट कातळावरून जाते. पावसाळ्यात तिथे रेलिंगला धरून चढावे लागते, आणि पुढचा गडी मागे वळून पाय कुठे टाकायचा ते सांगतो. रमाबाईंचा असा सोबती म्हणजे भाऊ श्रीनिवास. १८८० त तो गेला. १८८२ त पती बिपिनबिहारी मेधावी गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पाय घसरणार नाही म्हणजे वाट सोपी होईल, असा अर्थ घेतला तर हे वचन इथेच खोटे पडते.

वचन ४. राखणदार झोपत नाही, हे पुन्हा जोर देऊन. फक्त राखण आता एकट्याची नाही, साऱ्या इस्राएलची.

वचन ५. उजव्या हाताची सावली. ढाल डाव्या हातात असे, म्हणून उजवी बाजू उघडी राही. तिथे उभा राहणारा तो खरा पाठीराखा. रमाबाईंनी १८८३ त इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ त मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा काढली, पुढे ती पुण्यास आणली. १८९३ त धर्मांतराचा आरोप पेटला. सुधारक रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उजवी बाजू उघडी पडली ती अशी. रमाबाईंनी आपली प्रार्थना दारामागे लपवली नाही आणि शाळाही मोडली नाही. रानड्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यावरही समाजाचा रेटा होता.

वचन ६. दिवसाचे ऊन, रात्रीचा चंद्र. चांदण्याचीही बाधा होते अशी प्राचीनांची समजूत होती. उन्हाबद्दल रमाबाईंना कुणी सांगायला नको होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावी घेऊन आल्या.

वचन ७. सगळ्यांत अवघड. सर्व अरिष्टांपासून राखण, असे म्हटले आहे. ‘सर्व’ हा शब्द परलोकावर ढकलणारे भाष्यकार आहेत. ती पळवाट वाटते. १९२१ त मनोरमाही गेली. त्याआधीच रमाबाईंना ऐकू येईनासे झाले होते. पण वचनाचा दुसरा अर्धा भाग जिवाच्या राखणीचा आहे, आणि इथे ताडून पाहता येते: हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्याचे काम थांबले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या.

वचन ८. जाणे आणि येणे, म्हणजे रोजचा धंदा: वेल्ह्याहून सकाळच्या एसटीने पुण्याला कामावर जाणे आणि अंधार पडता परतणे, इतके साधे. राखणीची मुदत आत्तापासून पुढे मोजली आहे. मागे जे गेले ते भरून देण्याचे स्तोत्रकाराने कुठेही कबूल केलेले नाही.