पट्टकृमी : ओळख आणि वर्गीकरण

पट्टकृमी म्हणजे पृष्ठवंशी प्राण्यांच्या, माणसाच्याही, आतड्यात राहणारे सेस्टोडा वर्गातले चपटे परजीवी. त्यांना तोंड नसते, अन्ननलिकाही नसते. यजमानाने पचवलेले अन्न ते अंगाच्या आवरणातून शोषतात. डोक्यावरचे चूषक, खाचा किंवा आकडे आतड्याची भिंत धरून ठेवतात, बहुतेकांत मानेपासून देहखंडांची साखळी वाढत जाते आणि अंड्यांनी भरलेले शेवटचे खंड गळून पडतात. २००८ ते २०१७ या काळात चाललेल्या जागतिक नोंदणी प्रकल्पाने सुमारे ४,८०० जातींची मांडणी १९ गणांत केली. गण ठरवणे फारसे अवघड नसते; डोके नीट पाहिले की बरेचसे उमगते. वाद होतो तो जातीवर. दोन नमुन्यांत फरक दिसला, एवढ्याने जात वेगळी ठरत नाही. तो फरक एकाच जातीत किती कमीजास्त होतो, हे आधी कळावे लागते. ही अट दुर्लक्षिली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

मागूर माशाच्या आतड्यात कॅरिओफिलिडिया गणातला एक कृमी सापडतो. त्याचे अंग अखंड असते आणि जननेंद्रियांचा संच एकच. नागपूरचे एम. ए. मोघे यांनी १९२५ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा निबंधाच्या शीर्षकात तो ट्रेमॅटोडा, म्हणजे पर्णकृमी, म्हणून नोंदला गेला. आज त्याला लायटोसेस्टस इंडिकस म्हणतात. पुढे मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी मागुरातूनच आणखी जाती वर्णिल्या: लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस (१९८८), नळदुर्गएन्सिस (१९९८), तेरणाएन्सिस (१९९९). ही यादी बरीच लांबते. वेगळेपणाचा आधार बहुधा शरीराची लांबी-रुंदी, वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार असा असे. २०११ मध्ये भारत, इंडोनेशिया आणि थायलंडमधले ताजे नमुने व संग्रहालयांतले जुने नमुने शेजारी ठेवून या माशातल्या कॅरिओफिलिडियांची फेरतपासणी झाली. ५९ नावांपैकी फक्त ८ जाती ग्राह्य ठरल्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गोदावरी आणि तेरणेचे मासे गंगेत पोहत जात नाहीत. मग प्रत्येक खोऱ्यात कृमीची स्थानिक जात घडली नसेल कशावरून? घडू शकते. पण ते सिद्ध करायला एकाच ठिकाणचे पुष्कळ नमुने हवेत, आणि ते सारख्याच पद्धतीने मारलेले हवेत. पट्टकृमीचे अंग मऊ असते. जिवंत कृमी थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आखडतो, काचपट्ट्यांत दाबला तर पसरतो, गरम द्रावणात मारला तर सैल राहतो. म्हणजे एकाच कृमीची तीन मापे मिळू शकतात, आणि त्यातली दोन तर प्रयोगशाळेने घडवलेली. दुसरा आक्षेप असा की ही वर्णने झालीच नसती, तर फेरतपासणी कशाची केली असती? हेही खरे. कोणत्या यजमानात, कोणत्या गावी काय सापडले, याच्या या नोंदी नावे रद्द झाली तरी कामाच्या आहेत. मात्र मूळ नमुना सर्वांना तपासता येईल अशा संग्रहालयात ठेवलेला नसेल, तर वर्णनाचा खरेखोटेपणा तपासायला कागदापलीकडे काही उरत नाही.

वैद्यकात हाच प्रश्न अधिक निकडीचा होतो. डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम आणि गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. औषध दोघांवर एकच चालते, मग जात ओळखायची कशाला, असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे: सोलियमची अंडी पोटात गेली तर माणसाच्या मेंदूतही पुटी होऊन फेफरे येऊ शकते, म्हणून रुग्णाच्या घरातल्यांची तपासणी करावी लागते. सॅजिनाटापासून तो धोका नाही. अंड्यांनी भरलेल्या खंडातल्या गर्भाशयाला एका बाजूस सोलियममध्ये साधारण ७ ते १३ मुख्य फांद्या असतात, सॅजिनाटामध्ये बहुधा १५ हून अधिक. डोके हाती लागले तर शंकाच नको, कारण सोलियमला आकड्यांची दुहेरी रांग असते आणि सॅजिनाटा बिनआकड्याचा. या लक्षणांवर भिस्त ठेवता येते, कारण त्यांची चढउतार ठाऊक आहे. मधली संख्या आली, की जनुकीय चाचणीच करावी.

उलट चूकही होते: वेगळ्या जाती एकच समजल्या जातात. कुत्र्याच्या आतड्यातला एकिनोकॉकस जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याच्या पुटी गुराढोरांच्या आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात वाढतात. दिसायला सारखे असलेले त्याचे जनुकप्रकार यजमानांच्या बाबतीत वेगळे वागतात. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांचा सहभाग असलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनावरांच्या पुटींत जी-३ प्रकार सर्वाधिक आढळला आणि जी-५ ही मिळाला. हा जी-५ आता एकिनोकॉकस ऑर्टलेप्पी ही स्वतंत्र जात मानली जाते. म्हणून नमुना घेताना एक तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात आणि उरलेला गरम फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या ऊतीतून वाचण्याजोगा डीएनए काढणे फार कठीण जाते.