'करणी' : एका संज्ञेचा अर्थविस्तार

वर्गमूळ सर्वच संख्यांना सारख्या रीतीने लाभत नाही. ९ चे मूळ ३ होय. २ चे मूळ मात्र कोणत्याही अपूर्णांकाने नेमके सांगता येत नाही. या अडचणीचा इतिहास 'करणी' या संज्ञेत साठविलेला आहे.

शुल्बसूत्रांत 'करणी' म्हणजे चौरस निर्माण करणारी बाजू. चौरसाच्या कर्णावर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस उभा राहतो, म्हणून तो कर्ण 'द्विकरणी' होय. बौधायनाच्या नियमाने त्याचे मान ५७७/४०८ येते व ते पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. पुढे बीजगणितात रज्जू सुटली आणि जिचे मूळ निःशेष निघत नाही त्या संख्येलाच 'करणी' म्हणू लागले.

ऋण संख्येची गोष्ट निराळी. धन संख्येला धन व ऋण अशी दोन मुळे असतात. ऋण संख्या मात्र कशाचाच वर्ग नसल्याने तिला मूळ नाही, असे भास्कराचार्यांनी (जन्म १११४) बीजगणितात सांगितले. अशा मुळांच्या गणिताचे नियम बोंबेल्ली या इटालियन गणितज्ञाने १५७२ मध्ये दिले.

निःशेष न निघणाऱ्या मुळाला अरबीत 'असम्म', म्हणजे बहिरे, म्हणत. लॅटिन 'सर्डस' हे त्याचे भाषांतर व इंग्रजी 'सर्ड' हा त्याचा वंशज. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी 'करणी' हीच संज्ञा योजली. बहिरेपणाच्या रूपकात संख्येचे न्यून दिसते. करणीत, जे अंकांनी सांगता येत नाही ते रेषेने आखता येते, ही खूण टिकून आहे. परिभाषा घडविताना जुना शब्द स्वीकारावा तो अभिमानापोटी नव्हे, तर त्यातील विचार अद्याप जिवंत आहे म्हणून.