प्रत्यारोपण पर्यटन

प्रत्यारोपण पर्यटन म्हणजे एखादा अवयव, बहुधा मूत्रपिंड (किडनी), मिळवण्यासाठी रुग्णाने, अवयव देणाऱ्याने अथवा दोघांनीही आपला देश सोडून दुसऱ्या देशात जाणे होय. 'पर्यटन' हा शब्द येथे रूढ झाला असला तरी तो दिशाभूल करणारा आहे. या प्रवासात एका बाजूला मरणाच्या दारात उभा असलेला रुग्ण असतो आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा कर्जात बुडालेला माणूस. महाराष्ट्राचा या विषयाशी दुहेरी संबंध आला आहे. १९८० च्या दशकात मुंबई हे विदेशी रुग्णांचे मूत्रपिंड खरेदीचे ठिकाण होते, तर गेल्या दशकात विदर्भातील कर्जबाजारी माणसे मूत्रपिंड देण्यासाठी परदेशात नेली गेल्याच्या तक्रारी नोंदवल्या गेल्या आहेत.

व्याख्या

प्रत्यारोपणासाठी केलेला प्रत्येक परदेश प्रवास अनैतिक ठरत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली मुलगी पुण्यातील वडिलांना मूत्रपिंड देण्यासाठी येते, किंवा एखाद्या देशात यकृत प्रत्यारोपणाची सोयच नसल्याने आई आणि मूल दोघेही भारतात येतात, तेव्हा तो केवळ 'प्रत्यारोपणासाठी प्रवास' असतो. २००८ साली तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे विविध देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन केलेल्या जाहीरनाम्यात हा भेद स्पष्ट केला आहे. प्रवासामागे अवयवांचा व्यापार असेल, अथवा बाहेरच्या रुग्णांसाठी वापरलेले अवयव, डॉक्टर व साधने यांमुळे त्या देशातील रुग्णांच्या वाट्याला कमी येत असेल, तर तो प्रवास 'प्रत्यारोपण पर्यटन' ठरतो. या जाहीरनाम्यात २०१८ साली सुधारणा करण्यात आली. दुसरा निकष सहज नजरेआड होतो. पैशाचा व्यवहार नसतानाही अन्याय होऊ शकतो, हे त्यात मान्य केले आहे. २०१८ मध्ये चेन्नईत मेंदूमृत दात्यांची हृदये विदेशी रुग्णांना दिल्याबद्दल जो वाद झाला, तो याच निकषाशी संबंधित होता.

इतिहास

सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात वापरात आले आणि रक्ताचे नाते नसलेल्या व्यक्तीचा अवयवही शरीराने स्वीकारण्याची शक्यता पुष्कळ वाढली. वैद्यकशास्त्राच्या या प्रगतीबरोबरच अवयवांचा बाजारही उभा राहिला. त्या काळी भारतात मूत्रपिंडाच्या खरेदी-विक्रीला आळा घालणारा कायदा नव्हता. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथील १३० रुग्णांनी मुंबईत मूत्रपिंडे विकत घेऊन प्रत्यारोपण करून घेतल्याची पाहणी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मायदेशी परतल्यावर त्यांच्यात मृत्यूचे व संसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. काहींना एचआयव्हीची लागणही झाली होती. ही पाहणी अवयव घेणाऱ्यांची होती. मूत्रपिंड देणाऱ्या मुंबईतील माणसांचे पुढे काय झाले, याची अशी मोजदाद त्यात नाही.

१९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम संमत केला. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश येथे तो फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. कायद्यानंतर व्यवहार थांबले नाहीत, मात्र लपूनछपून होऊ लागले. जानेवारी २००८ मध्ये गुरगाव (आता गुरुग्राम) येथे उघडकीस आलेल्या प्रकरणातील मुख्य आरोपी अमित कुमार ऊर्फ संतोष राऊत हा मूळचा महाराष्ट्रातील होता व मुंबईतही त्याच्यावर पूर्वी कारवाई झाली होती. त्याच्या ग्राहकांत विदेशी रुग्णही होते. त्याला नेपाळमध्ये पकडण्यात आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली.

अकोला आणि चंद्रपूर

डिसेंबर २०१५ मध्ये अकोला येथे नोंदवलेल्या तक्रारीमुळे या व्यवहाराची उलटी दिशा समोर आली. सावकाराचे कर्ज फेडता न आलेल्या माणसांना मूत्रपिंड विकण्यास भाग पाडले गेले आणि त्यासाठी त्यांना श्रीलंकेत नेण्यात आले, असा आरोप होता. त्याच सुमारास तेलंगणातही अशाच स्वरूपाचे प्रकरण पुढे आले. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये श्रीलंका सरकारने विदेशी रुग्णांवरील मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सावकारांचे कर्ज फेडण्यासाठी आपण कंबोडियात जाऊन मूत्रपिंड विकल्याची तक्रार केली. मूळ रक्कम लाखाच्या घरातील होती आणि व्याजावर व्याज चढून ती अनेक पटींनी फुगली, असे त्यात म्हटले होते.

दोन्ही प्रकरणांत आरंभ रुग्णालयात नसून सावकाराच्या दारात आहे. म्हणून महाराष्ट्रापुरते पाहिले तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हाही या विषयाशी निगडित कायदा मानला पाहिजे. अवयवविक्रीची चर्चा करताना तो क्वचितच विचारात घेतला जातो.

भारतीय कायदा

१९९४ च्या अधिनियमात २०११ साली मोठी दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. पती, पत्नी, आईवडील, मुले व भावंडे यांच्या जोडीला आजीआजोबा व नातवंडे यांचाही 'जवळचे नातेवाईक' या संज्ञेत समावेश झाला. अवयवांच्या व्यापारासाठी पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी तरतूद आहे. दाता अथवा रुग्ण विदेशी असेल तर ते जवळचे नातेवाईक असले तरी प्राधिकार समितीची पूर्वसंमती लागते आणि त्यांचे नाते त्या देशाच्या दूतावासाने प्रमाणित करावे लागते. जवळचे नाते नसलेल्या विदेशी व्यक्तीला भारतीयाने जिवंतपणी अवयव देण्याचा प्रस्ताव विचारातच घेतला जात नाही.

कायद्यातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे नातेवाईक नसलेल्या व्यक्तीने 'आपुलकी अथवा जिव्हाळा' या कारणाने अवयव देण्याची मुभा. खरी मैत्री आणि विकत घेतलेली मैत्री यांतला फरक समितीने कागदपत्रे व मुलाखत यांवरून ओळखायचा असतो, आणि बनावट कागद करणाऱ्यांनी याच वाटेचा फायदा घेतला आहे. परदेशात शस्त्रक्रिया झाली की हीसुद्धा चाळणी उरत नाही. भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्याचा खटला येथे चालवता येतो, पण त्यासाठी केंद्र सरकारची संमती लागते आणि पुरावा परक्या देशातील रुग्णालयात असतो.

नैतिक प्रश्न

रुग्णाची बाजू हलकी समजण्याचे कारण नाही. धरणगाव, एरंडोल, पारोळा यांसारख्या तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्तशुद्धीकरणासाठी (डायलिसिस) गावाबाहेर जावे लागू शकते. उपचार योजनेतून मोफत झाला तरी रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. घरात रक्तगट जुळणारा कोणी नसेल आणि मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असेल, तर दलालाचा शब्द त्याला आशेसारखा वाटणे स्वाभाविक आहे. आपला जीव वाचवण्याचा हक्क दुसऱ्याच्या गरजेचा लाभ घेण्यापर्यंत पोहोचतो काय, हा येथील मूळ प्रश्न आहे.

सज्ञान माणसाला स्वतःचे मूत्रपिंड विकू द्यावे, कारण बंदीमुळे गरीब गरीबच राहतो व रुग्ण मरतो, असा युक्तिवाद जेनेट रॅडक्लिफ रिचर्ड्‌स आदी अभ्यासकांनी १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडला. इराणमध्ये सरकारी देखरेखीखाली मोबदला देण्याची पद्धत १९८८ पासून आहे. या युक्तिवादाला सर्वांत ठोस उत्तर भारतातूनच मिळाले. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. विक्रीनंतर त्यांचे कौटुंबिक उत्पन्न सरासरीने सुमारे एक तृतीयांशाने घटले, ८६ टक्के लोकांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले, आणि ७९ टक्के लोकांनी इतरांना हा मार्ग सुचवणार नाही असे उत्तर दिले. 'संमती' कागदावर होती. दुसरा पर्याय मात्र नव्हता.

भाषेचाही येथे विचार करावा लागतो. मराठीत 'दान' या शब्दाला परतफेडीची अपेक्षा नसल्याचा अर्थ आहे, तरी वृत्तपत्रे विकणाऱ्यालाही 'दाता' म्हणतात. त्यामुळे व्यवहार आणि त्याग एकाच शब्दाखाली झाकले जातात. कुटुंबांतर्गत दानही सर्वस्वी मुक्त असते असे नाही. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष.

परदेशातून प्रत्यारोपण करून परतलेल्या रुग्णाबाबत डॉक्टरांपुढे वेगळा पेच असतो. अवयव कोणाचा, शस्त्रक्रिया कशी झाली, कोणती औषधे दिली यांची कागदपत्रे अपुरी असतात. तरीही उपचार नाकारता येत नाहीत, कारण अवयव कसाही मिळालेला असो, समोर आजारी माणूस असतो. मात्र असा व्यवहार होणार आहे हे ठाऊक असूनही त्यासाठी तपासण्या करून देणे अथवा रुग्णाला तिकडे पाठवणे हे त्यात सहभागी होणेच मानले जाते.

इतर देशांतील उपाय

इस्रायलने २००८ च्या कायद्याने परदेशातील बेकायदा प्रत्यारोपणाचा खर्च विमा कंपन्यांनी देण्यास मनाई केली. फिलिपिन्सनेही त्याच वर्षी विदेशी रुग्णांसाठी आपल्या नागरिकांचे अवयव वापरण्यावर बंदी घातली. चीनमध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे अवयव वापरले जात. १ जानेवारी २०१५ पासून ही पद्धत बंद केल्याचे तेथील शासनाने जाहीर केले, परंतु त्याबद्दल शंका घेतल्या जातात. युरोप परिषदेचा अवयव तस्करीविरोधी करार मार्च २०१५ मध्ये स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे सह्यांसाठी खुला झाला.

महाराष्ट्रातील व्यवस्था

मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांमार्फत होते. पश्चिम भारताचे प्रादेशिक केंद्र मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत इतर उपचारांसाठी कुटुंबामागे दीड लाख रुपयांची मर्यादा असताना मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ती अडीच लाख ठेवली होती. पुढे दोन्ही मर्यादा वाढवण्यात आल्या. प्रतीक्षा यादीत नाव नोंदवण्यासाठी राज्याचा रहिवासी असण्याची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये काढून टाकली. खानदेशातील रुग्णाला ही नोंदणी मान्यताप्राप्त प्रत्यारोपण केंद्रामार्फत करावी लागते. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे व मुंबई येथे अशी केंद्रे आहेत.