वालाचं बिरडं, प्रतिकारशक्ती आणि डॉ. कमला सोहोनी

मुलाला वारंवार सर्दी-खोकला झाला की आई दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारते : "डॉक्टर, याची इम्युनिटी वाढवायला कोणती पावडर देऊ?" मी उलट विचारतो, "घरी उसळ, डाळ किती वेळा होते?" अनेकदा उत्तर येतं, "त्याला आवडत नाही." अशा वेळी मला डॉ. कमला सोहोनी आठवतात.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११चा, इंदूरचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष अटींवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या विषयावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी मायदेशी परतल्या, आधी दिल्लीत आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

मुंबईत त्यांनी संशोधनासाठी निवडले ते साधे, स्वस्त पदार्थ : नीरा, डाळी, कडधान्यं. कडधान्यांत ट्रिप्सिनरोधक नावाचे घटक असतात. आपल्या आतड्यात प्रथिनांचं पचन करणाऱ्या ट्रिप्सिनला ते अडवतात. त्यामुळे पोटात गेलेलं प्रथिन पूर्ण अंगी लागत नाही. सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वालातून हा घटक स्फटिकरूपात वेगळा केला. ते संशोधन १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

आपल्या रायगडकडच्या घरांत वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि मऊ शिजवतात. मोड आणल्याने असे घटक काही प्रमाणात कमी होतात आणि नीट शिजवल्यावर बरेचसे निकामी होतात. म्हणून कडधान्य कच्चं खाऊ नये, चांगलं शिजवून खावं.

याचा प्रतिकारशक्तीशी संबंध काय? अँटीबॉडी म्हणजे प्रथिनंच. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यासाठीही प्रथिनं, लोह आणि झिंक लागतं. कुपोषित शरीर इथेच कमी पडतं. त्यातून संसर्ग झाला की भूक मरते, वजन घटतं, आणि पुन्हा संसर्ग होतो. हे चक्र मोडणं सर्वांत महत्त्वाचं.

त्याचा ठोस पुरावा २०२३ मध्ये मिळाला. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्व-खनिजांच्या गोळ्या दिल्या. त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण, हे जादा अन्न न मिळालेल्या घरांच्या तुलनेत, सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळलं.

अन्न चांगलं असून भागत नाही, ते शुद्धही हवं. १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियात कमलाबाई सक्रिय होत्या. भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांवर त्या संस्थेच्या 'कीमत' मासिकात लिहीत. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

तेव्हा पावडरीच्या डब्याआधी घरातल्या कडधान्याच्या डब्यात हात घाला. भिजवा, मोड आणा, शिजवा, वर लिंबू पिळा; त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मात्र मुलाचं वजन घटत असेल, ताप किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा.